डोमाजी, साहेबांचं पत्र आलं होतं

तुझी तेरवी होऊन चार दिवस झाले, डोमाजी. शाळा सुरू आहे. तुझ्या पहिलीच्या वर्गावर दुसरा गुरुजी येईपर्यंत मीच बसतो. पोरं मला घाबरत नाहीत, तुझी सवय आहे त्यांना. काल एकीनं विचारलं, "भाऊ गुरुजी कवा येतीन?" मी तिला पाढे म्हणायला लावले. गेलेल्या माणसाबद्दल लहान मुलाशी काय बोलावं हे मला येत नाही. तुला आलं असतं.

तू कुठे जन्मलास, किती वर्षं नोकरी केलीस, हे मी शाळेच्या दप्तरात लिहून ठेवलं आहे. ते तुला ठाऊकच आहे, परत कशाला? मी लिहायला बसलोय ते एकाच गोष्टीसाठी. चार वर्षं ती तुला सांगायची राहिली. विसरलो म्हणून राहिली असं नाही, सांगितली नाही म्हणून राहिली. तुझ्या ओसरीवर चहा पिताना कितीदा जिभेवर आली, आणि दर वेळी मी चहात साखर कमी आहे असं काहीतरी बोललो.

ती सांगण्याआधी थोडं मागं जातो. तुझ्याशी सरळ मुद्द्यावर यायची मला कधीच सवय नव्हती.

आपण दोघं मास्तरकी शिकायला नॉर्मल स्कुलात होतो तेव्हा एका खोलीत राहिलो. एकाच चुलीवर भात शिजवला, बऱ्याचदा करपवला. पुढे कुरखेड्यापलीकडच्या या मिडल शाळेत पुन्हा गाठ पडली तेव्हा मी मुख्याध्यापक झालो होतो आणि तू सिरोंच्याहून बदलून आलेला साधा मास्तर. चारचौघांत तू मला 'मोठे गुरुजी' म्हणायचास. दोघंच असलो की "अबे नारायण्या". पहिल्या हाकेत थट्टा असायची, दुसरीत नसायची.

सिरोंच्याहून तू दोन गोष्टी आणल्यास, बायको आणि एक खूळ. दोन्हींचा एकमेकींशी संबंध होता. तुमच्या जातीची घरं प्राणहिता नदीच्या दोन्ही काठांना, इकडे मराठी, तिकडे तेलुगू, त्यामुळे सोयरीक जमली. पण वहिनींना तेलुगूखेरीज एक अक्षर येत नव्हतं आणि तुझ्या आईला तेलुगूतलं 'पाणी'सुद्धा माहीत नव्हतं. मी तुला विचारलं होतं, मग केलं काय? तू म्हणालास, काही केलं नाही. तुमच्या घरात परभाषेची सून आली की पहिला हंगामभर तिला घरातल्या सर्वांत धाकट्या लेकराजवळ ठेवतात. कोणी तिला 'बोल' म्हणत नाही, काही विचारत नाही, चुकली तर हसत नाही. लेकराला सांगतात तेच तिच्या कानावर पडतं, हे घे, ते ठेव, इकडे ये, पडशील.

"लेकरू शिकते, सून शिकते," तू म्हणालास. "सुनेच्या हातात कोणी पुस्तक देते का बे?"

वहिनी तुझ्या भावाच्या दीड वर्षाच्या पोरीबरोबर शिकल्या. धान कापणीला येईतो त्या सासूशी भांडायला लागल्या होत्या. भांडता आलं म्हणजे भाषा आली, हे तुझं मोजमाप होतं. मला ते तेव्हा अगदी गावंढळ वाटलं होतं.

तू पाचवीची इंग्रजी मागून घेतलीस, मी दिली. वरच्या वर्गांची माझ्याकडेच होती. तुझी स्वतःची इंग्रजी सिरोंच्याच्या सागवान डेपोवरच्या एका मद्रासी कारकुनाकडून ऐकून आलेली. नियमाच्या नावानं आनंद होता, पण बोलायला बिचकायचा नाहीस. माझं उलट होतं. मला सगळे नियम येत होते. ते येत होते एवढंच सध्या लिहितो.

पहिल्याच आठवड्यात तू वाचनपुस्तकं कपाटात ठेवून किल्ली माझ्या हातात दिलीस. पावसाळा संपेपर्यंत वर्गात कोणी इंग्रजीत बोलायचं नाही, लिहायचं नाही. बोलणार फक्त तू, आणि तू बोलशील ते पोरांनी करायचं. शाळेमागे धानाच्या शेताची एक बांधी होती. तिथे तू धानाचे पऱ्हे टाकलेस आणि रोपांची रोवणी काढलीस ती सबंध इंग्रजीत. 'टेक टू', 'गिव्ह मैना थ्री', 'पुट इट हिअर'. चिखलात गुडघाभर उभं राहून तू ओरडायचास आणि एकोणीस पोरं वाकून करायची. मी खिडकीतून बघायचो. माझ्या सातवीतली पोरं त्याच वेळी 'गो, वेंट, गॉन' म्हणत असायची आणि त्यांचं लक्ष तुझ्या चिखलाकडे असायचं.

एकदा एक शेतकरी तक्रार घेऊन आला होता, आठवतो का? त्याचा मुलगा तुझ्या वर्गात होता आणि सकाळी घरचा नांगर धरायचा. "गुरुजी, पोट्ट्यानं माह्या बैलाले बिघडवून टाकलं. 'टर्न' म्हटल्याबिगर वळतच नाई तो." तू मनापासून माफी मागितलीस आणि नंतर तासभर हसत होतास. मलाही हसू आलं होतं, पण मी मुख्याध्यापक होतो.

भांडण मात्र आपलं खरं होतं, आणि ते संपलं नाही. माझं म्हणणं असं की चूक वेळेवर खोडली नाही तर ती रुजते. तुझं म्हणणं, चूक खोडली तर पोरगंच खोडलं जातं. मी म्हणालो, आपल्या दंडारीत रात्रभर नाचणारी-गाणारी माणसं बघ, अंगठाबहाद्दर असतात पण शेकडो ओळी पाठ करतात, पाठांतराशिवाय विद्या नाही. तू म्हणालास, "पाठ नाई करत ते, नाचता नाचता येते त्याईले. तू त्याईले बाकावर बसवून म्हणाले लाव बरं एक दिवस."   पण मी अजून तुझं म्हणणं पूर्ण मान्य केलेलं नाही, हे नोंदवून ठेवतो. पोरांना परीक्षा द्यायची होती, आणि गडचिरोलीच्या हायस्कुलात कोणी त्यांना चिखलात उभं करून विचारणार नव्हतं.

मग इंग्रजीची तपासणी करायला शिक्षणखात्याचे साहेब आले.

तू पोरांना मदत करशील म्हणून साहेबांनी तुला व्हरांड्यात उभं राहायला सांगितलं. त्यांच्या हातात वाचनपुस्तक होतं. त्यांनी एक धडा उघडला आणि चांगल्या खणखणीत आवाजात वाचू लागले. वाचून झाल्यावर प्रश्न विचारायचा त्यांचा बेत होता. धड्यात मुलं उठतात, भांडी घेतात, नदीवर जातात, पाणी भरून आणतात आणि पाहुण्याला देतात. पहिलं वाक्य झालं आणि एकोणीस पोरं उठली. दुसऱ्याला मैनानं कोपऱ्यातला पाणी भरायचा गुंड उचलला, बाकीच्यांनी लोटे, बादली, हाताला येईल ते घेतलं. तिसऱ्याला वर्ग रिकामा झाला. साहेब पुस्तक हातात धरून उभे. वर्गात ते, मी आणि फळा.

 धावत जाऊन पोरांना परत बोलवावं तर साहेबांनी हातानं थांबवलं. नाला शाळेपासून हाकेच्या अंतरावर. थोड्या वेळानं सगळी रांगेनं परत आली, चिखलाचे पाय दारात पुसले, भांडी जागच्या जागी ठेवली, आणि मैना लोटा घेऊन साहेबांसमोर जाऊन उभी राहिली. धड्यात तसंच होतं. साहेबांनी तो घेतला आणि पाणी प्यायले.

मैना कोण हे तुला सांगायला नको, पण मला लिहून ठेवायचं आहे. गावाबाहेरच्या टोल्यावरच्या वस्तीतली गोंडाची पोर. घरी गोंडी. मराठीसुद्धा तिला शाळेत आल्यावर भेटली. तिला शाळेत पाठवायला बापाला तूच सात खेपा घालून पटवलं होतंस.

पाणी पिऊन साहेब माझ्याकडे वळले आणि इंग्रजीत बोलू लागले. हे किती दिवस चालू आहे? कोणी सुचवलं? मुख्याध्यापक म्हणून तुमचं स्वतःचं मत काय? मला शब्दन् शब्द कळत होता. अकरा वर्षं मी इंग्रजी शिकवत होतो, डोमाजी. तोंडातून 'यस सर' निघालं. त्यांनी पुन्हा, सावकाश विचारलं. मी पुन्हा 'यस सर' म्हणालो. मैना रिकामा लोटा घ्यायला तिथेच थांबली होती. ती माझ्याकडे बघत होती. तुझ्या वर्गाचा नियमच होता ना, जो शिकतो आहे त्याला हसायचं नाही. ती हसली नाही. ती हसली असती तर फार बरं झालं असतं.

महिन्याभरानं साहेबांचं पत्र आलं.

इंग्रजीत होतं, टंकलेलं, दीड पान. मी शब्दकोश घेऊन दोनदा वाचलं. त्यांनी लिहिलं होतं की या शिक्षकाला आणखी दोन वर्षं पुस्तकाशिवाय शिकवू द्यावं, परीक्षेची चिंता करू नये, त्याबद्दल ते स्वतः वर बोलतील. आणि त्या शिक्षकानं आपली पद्धत लिहून काढावी, दुसऱ्या शाळांना दाखवता येईल.

मी ते पत्र तुला दाखवलं नाही. तुला मधल्या सुट्टीत बोलावलं आणि म्हणालो, साहेबांना पसंत पडलं नाही, पुस्तक घ्यावं लागेल. तू पत्र मागितलं नाहीस. तू एकच वाक्य बोललास.

"पानी त पेला बे तो!"

नंतर मी साहेबांना लिहिलं की शिक्षक स्वतःच ही जबाबदारी नको म्हणतात. वाक्यं साधी ठेवली, चुका होऊ नयेत म्हणून.

मी स्वतःला काय सांगितलं तेही सांगतो. पोरांच्या परीक्षेचं भलं, शाळेचं नाव, शिस्त. ते सगळं थोडं थोडं खरं होतं. पण दोन वर्षं म्हणजे साहेब पुन्हा पुन्हा येणार, माझ्याशी बोलणार, आणि तुझी पोरं वरच्या वर्गात येऊन मला इंग्रजीत काहीतरी विचारणार. त्यांच्या गुरुजीला उत्तर देता येत नाही, हे एकोणीस पोरांना कळणार. त्याची मला भीती वाटली. बाकी सगळी कारणं मी नंतर शोधली.

तू पुस्तक घेतलंस. प्रामाणिकपणे शिकवलंस आणि फार वाईट शिकवलंस. तुझा आवाजच बदलला. सहा महिन्यांनी तू येऊन म्हणालास, "मले पहिली दे. तिथी साहेब येत नाई." मी दिली. पाचवीचीही इंग्रजी माझ्याकडे आली.

तिथे तू काय केलंस ते मी बघत होतो. टोल्यावरच्या लेकरांना आपली मराठी इंग्रजीइतकीच परकी. आधी ती दिवाळीपर्यंत यायची आणि मग मोहफुलं, डिंक, काहीतरी निमित्त काढून जंगलात गुडूप व्हायची. तू त्यांना बोलायला लावलं नाहीस. तुझी घरची रीत तिथे चालवलीस. त्यांच्याबरोबर तूही जमिनीवर बसलास आणि त्यांची गोंडी धाकट्या लेकरासारखा शिकायला लागलास. पाण्याला 'येर' म्हणायला तुला सहा वर्षांची पोर शिकवायची आणि तू चुकलास की ती मान हलवून पुन्हा म्हणून दाखवायची, न हसता. लेकरं टिकली. माझ्या शाळेची हजेरी वाढली म्हणून वरून माझं कौतुक झालं. मी ते घेतलं.

आणि बाजाराचे दिवस. कुरखेड्याच्या आठवडी बाजारातून परतताना एकदा तू अचानक माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागलास. झाडं, बैलगाडी, माझी पिशवी, तिच्यातली वांगी. मी चिडलो. तू म्हणालास, "बोलू नको. फक्त आयकून राह्य. तीन महिने आयक." म्हणजे तुला माहीत होतं. साहेबांनी त्या दिवशी काय विचारलं आणि मी काय बोललो ते तू व्हरांड्यातून ऐकलं होतंस. माझी लाज तुला ठाऊक होती, आणि तू ती वांग्यांच्या गोष्टी करत झाकून नेत होतास. पुढच्या आठवड्यात मी त्या बोलण्याची वाट बघू लागलो. पाचव्या बाजाराला वाटेत पाटील भेटला, म्हणाला, "काय, मास्तर शिकवून राह्यला का मोठ्या गुरुजीले?" त्यानंतर मी बैलगाडीनं यायला लागलो. तो रस्ता मी तुझ्याबरोबर तीन महिने चालायला हवा होता. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले, ते आता मानतो.

साहेबांवर मात्र तू राग धरलास. गडचिरोलीच्या शिक्षक संमेलनात ते मुद्दाम तुझ्याकडे चालत आले. काहीतरी विचारायचं होतं त्यांना, चेहऱ्यावर हसू होतं. तू पाठ फिरवून चालू लागलास. ते माझ्याकडे बघून म्हणाले, यांचं काही बिनसलं आहे का? मी म्हणालो, स्वभाव आहे त्यांचा. चांगल्या माणसाला तू मरेपर्यंत वाईट समजलास, आणि ज्याला चांगलं समजलास तो तुझ्या तिरडीला खांदा देत होता.

तेरवीला मी ते पत्र घेऊन गेलो. आता तरी खरं करायचं असं ठरवून गेलो होतो. पंगत बसायची होती. वहिनी आत होत्या, मी त्यांना बाहेर बोलावलं, पत्र हातात दिलं आणि म्हणालो, हे डोमाजीचं आहे, माझ्याकडे राहिलं होतं. एवढं बोलून मी जायला निघालो. वाचता न येणाऱ्या बाईच्या हातात इंग्रजी पत्र देऊन मला मोकळं झाल्यासारखं वाटत होतं. बघ, तिथेही मी कसा होतो.

वहिनींनी हाक मारली, "मैना, ये बाई. पाह्य बरं काय लिवलं हाय."

मैना आता गडचिरोलीला नववीत आहे. तुझ्यासाठी आली होती, हातातली पत्रावळ ठेवून बाहेर आली. तिनं पत्र उघडलं आणि मोठ्यानं वाचलं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. माझ्या वर्गात पोरं जे हेल काढून वाचतात, ते हेल तिच्या वाचण्यात नव्हते. मध्ये ती अडखळली नाही, फक्त एका ठिकाणी थांबली. तिला कळत होतं म्हणून थांबली. ओसरीवरची माणसं तिच्या तोंडाकडे बघत होती. वाचून झाल्यावर ती वहिनींना म्हणाली, "काकू, साहेबानं भाऊले हो म्हटलं होतं. दोन वर्सं शिकवा म्हटलं होतं." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "गुरुजी, हे भाऊले काऊन नाई दाखवलं?"

ओसरीवर वीसेक माणसं असतील. मी म्हणालो, "मले बोलता येत नव्हतं म्हणून. इंग्रजी. तुमाले सगळ्याईले ते कळन म्हणून." इतकं सोपं होतं ते. चार शब्दांत बसलं.

 मला वाटलं होतं वहिनी रडतील किंवा मला चालता हो म्हणतील. त्यांनी पत्राची घडी घातली, आणि पदराच्या टोकाला बांधली. मग म्हणाल्या, "ते त्या सायबाले लई शिव्या देत. मरेवर दिल्या. आता त्या सायबाले कोण सांगन?"

"मी सांगतो," म्हणालो.

"सांगा," त्या म्हणाल्या, आणि पंगतीकडे गेल्या. मी जेवायला बसलो. पंगत संपेपर्यंत उठलो नाही. तुझ्या घरचं अन्न टाकून जाण्याइतकाही मी उरलो नव्हतो.

साहेबांना खरं सांगणारं पत्र मी काल लिहायला घेतलं. शब्दकोश जवळ ठेवला. इंग्रजीत तीन ओळी झाल्या आणि चौथी अडली. 'मी खोटं बोललो' हे लिहिता येत होतं, का बोललो ते लिहिता येईना. कागद फाडला, दुसरा घेतला, पुन्हा तिथेच अडलो. मग मला एक गोष्ट आठवली. तपासणीच्या दिवशी शाळा आटोपल्यावर साहेब पाटलाच्या ओसरीवर बसले होते. मी शेजारी होतो. ते अमरावतीकडचे. अर्धा तास ते माझ्याशी पावसापाण्याच्या, आंब्याच्या, त्यांच्या आईच्या गुडघेदुखीच्या गप्पा मारत होते, सगळ्या मराठीत. मीही बोलत होतो, हसत होतो.

वर्गात त्यांनी माझं मत विचारलं तेव्हा मी त्यांना मराठीत उत्तर दिलं असतं तर त्यांनी ते ऐकून घेतलं असतं, डोमाजी. हे मला काल सुचलं. पत्र मराठीत लिहिलं आणि आज टपालात टाकलं.